इंजिनिअरिंगच्या बसमधला ढोल

सौदीतल्या तबूकला थंडी आली की आधी बसच्या काचेवर कळते. सकाळी सहाला मी इंजिन चालू करतो, वायपर एकदा फिरवतो आणि काचेवरची ओल बाजूला सरकते. मनात येतं, चला, आला मोसम. मग आठवडाभरात विद्यापीठाच्या मैदानाभोवतीच्या खांबांवर रंगीत कापडं चढतात. इंजिनिअरिंगचं गडद लाल, कॉम्प्युटरचं निळं, मेडिकलचं हिरवं. कॉलेजा-कॉलेजांमधले फुटबॉलचे सामने सुरू होतात आणि माझ्या बसमध्ये सूर्यफुलाच्या बियांच्या सालींचा सडा पडायला लागतो.

हा सडा मीच झाडतो, आणि झाडताना पोरांना शिव्या घालतो. पण उन्हाळ्यात विद्यापीठ बंद असतं तेव्हा हीच बस बांधकामावरच्या कामगारांना नेते. सगळे काचेला डोकं टेकून झोपलेले. जाताना झोपलेले, येताना झोपलेले. बस इतकी स्वच्छ राहते की भीती वाटते. त्या महिन्यांत मला ह्या सालींची आठवण येते.

यंदा काचेवर ओल आली त्याच दिवशी फोनवर सरकारी ॲपचा निरोप आला. करार संपतोय. कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर माझा इकामा, इथे राहायचा परवाना, आहे त्या मालकाने, पुढच्या दोन वर्षांचा करार पाठवलाय. मंजूर की नामंजूर? खाली दोन बटणं. मोसम संपतो त्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत मुदत. असाच निरोप दोन वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत आला होता, आणि म्हणूनच तो मोसम माझ्या डोक्यातून हलत नाही.

मी मूळचा गुहागर तालुक्यातला. शिक्षण आठवी पास. हायस्कूल खाडीच्या पलीकडे होतं, तरीतून, म्हणजे होडीतून जायचं. नववीत गणितात नापास झालो, परत बसलो, परत नापास झालो आणि तिसऱ्या वर्षी तरीत पाय ठेवलाच नाही. चिपळूणला गॅरेजमध्ये लागलो, तिथून ट्रकवर, ट्रकवरून इकडे. मनातली गंमत सांगतो. कॉलेज नावाच्या वास्तूत मी पहिल्यांदा शिरलो तो इथे, सौदीत, बसच्या स्टिअरिंगमागे बसून. अजूनही विद्यापीठाच्या फाटकातून आत जाताना मी बस आपोआप हळू करतो. वाटतं, कुणीतरी बस थांबवेल आणि विचारेल, तू कितवी शिकलास रे? बारा वर्षं झाली, फाटकावरचा शिपाई मला हात करतो, मी त्याला हात करतो, कुणी काही विचारत नाही. तरी वाटतं.

मुलगी, मनू, लहान असताना तिने फोनवर विचारलं होतं, "बाबा, तुम्ही कुठल्या कॉलेजात?"

"इंजिनिअरिंग," मी म्हटलं.

मागून तिची आई हसली. पण खोटं काय होतं त्यात? रोज सकाळी इंजिनिअरिंगला जात होतो, रोज संध्याकाळी परत येत होतो. हजेरी त्या पोरांपेक्षा माझीच जास्त.

त्या मोसमात फहद नावाचा एक दांडगा मुलगा इंजिनिअरिंगच्या समर्थकांचा पुढारी होता. सामना असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर. पण फहदची पोरं दीड तास आधीच बसमध्ये चढायची. विद्यापीठाच्या वसतिगृहापासून मैदान दहा मिनिटांवर. चालत गेलं तरी चालेल. पण नाही, बस लागायची, आणि बसने शहराला एक फेरी मारूनच मैदानावर जायचं असा त्यांचा रिवाज. काचा खाली, लाल पट्टे बाहेर, थर्मासमधला गोड काळा चहा हातोहात फिरतोय आणि फहद दरवाज्यात उभा राहून ओरडतोय. सिग्नलला लागून उभ्या असलेल्या गाड्यांतले लोक हसायचे, हॉर्न द्यायचे. त्या फेरीतच खरा सामना असायचा असं मला वाटतं. मैदानावर काय, हार-जीत होऊन जाते. फेरीत कुणी हरत नाही.

त्यांच्याकडे एक मोठा ढोल होता. डिकीत मावायचा नाही, म्हणून माझ्या सीटच्या मागे ठेवायचे. फहद वाजवायचा. आणि फहदचं वाजवणं म्हणजे, कसं सांगू, कुणीतरी बंद दार ठोठावतंय तसं. धाड, धाड, धाड. ना चढ ना उतार. आमच्या गावात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. वयाच्या दहाव्या वर्षापासून मी पालखीपुढे ढोल वाजवलेला. माझ्या मानेमागे तीन आठवडे हे ठोठावणं चाललं होतं आणि माझे दात दुखायला लागले होते.

एके दिवशी सिग्नलला थांबलो असताना माझी बोटं आपोआप स्टिअरिंगवर चालायला लागली. फहदच्या दोन ठोक्यांच्या मध्ये जी मोकळी जागा होती ती मी भरत होतो. मला कळलंच नाही. कळलं तेव्हा मागचा ढोल थांबलेला होता.

"सदीक," फहद म्हणाला. इथे आम्हा परदेशी कामगारांना सगळे सदीकच म्हणतात, म्हणजे मित्रा. "तुला येतं?"

"थोडं थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"तुझ्यापेक्षा जास्त," मी म्हटलं, आणि लगेच घाबरलो. तोवरच्या दहा वर्षांत मी कुठल्याही सौदी माणसाला असं उत्तर दिलं नव्हतं. पण अख्खी बस फहदला हसली आणि फहदही हसला. मैदानावर पोचल्यावर त्याने ढोल माझ्या गळ्यात अडकवला. त्यांच्या काठ्या फार जाड. मी बसमधला झाडू काढला, त्याचा दांडा गुडघ्यावर मोडला आणि टिपरू केलं. डाव्या हाताची थाप, उजव्या हाताचं टिपरू. पहिली दोन मिनिटं हात जड होते. मग खांद्यातून काहीतरी सुटलं. ती पोरं नाचायला लागली, ती सुद्धा कशी, तर खांद्याला खांदा लावून, पुढे-मागे, जशी त्यांच्या लग्नांत नाचतात तशी. आणि चाल मात्र आमच्या सहाणेवरची, पालखी बसते त्या चौथऱ्यावरची.

त्या दिवसापासून मी त्यांचा ढोलवाला. बस लावायची, किल्ली खिशात घालायची आणि ढोल घेऊन प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये जायचं. कुणी सदीक म्हणत नव्हतं आता. दत्ताराम त्यांना जमायचं नाही, दत्ता जमायचं.

पण मला सांगायचंय ते माजिदबद्दल.

माजिद किडकिडीत, चष्मेवाला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बसमध्ये कायम माझ्या मागच्या सीटवर. मोसमाच्या मध्यावर त्याने कॉलेज बदललं. इंजिनिअरिंग सोडून कॉम्प्युटरला गेला. आणि पुढच्या गुरुवारी लाल पट्टा गळ्यात घालून आमच्याच बसमध्ये चढला.

फहद दरवाज्यात आडवा. "तू उतर."

"का?"

"निळ्यांची बस तिकडे लागलीय."

"मी कॉलेज बदललं. टीम कुठे बदलली?"

"कॉलेज म्हणजेच टीम."

"तुझ्या भावाचं लग्न झालं, तो वेगळ्या घरात गेला. आता तो तुझा भाऊ नाही का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ह्याचा भाऊ ह्याला आधीपासूनच भाऊ मानत नाही!" हशा झाला. पण फहद बाजूला होईना. तो खरंच चिडला होता. म्हणाला, "समज, उद्या त्यांच्याशी सामना आहे. त्यांनी गोल केला. तुझा हात वर जाणार की नाही?"

"गेला तर तोडून टाक."

"मग गेलासच कशाला तिकडे?"

माजिदने पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं. मग हळूच म्हणाला, "गणित जमेना. दोनदा राहिलो."

 आरशात मला त्याचा चष्मा दिसत होता. मला वाटलं, उठावं आणि त्याला सांगावं की बाबा, मीही. पण मी कोण सांगणारा? मी दरवाजा बंद करायचं बटण दाबलं. फहदला मागे सरकावंच लागलं आणि माजिद आत राहिला. "वेळ होतोय. यल्ला, चला," मी म्हटलं.

मग ती चर्चा मोसमभर चालली. दर गुरुवारी, शहराच्या फेरीत, बिया फोडत. निष्ठा म्हणजे काय? जिथे शिकतोस तिथली, का जिथे पहिल्यांदा ओरडलास तिथली? एकाचं म्हणणं, टीम आईसारखी, निवडता येत नाही. दुसरा म्हणायचा, मग जी टीम सारखी हरते तिच्या पोरांनी काय अनाथाश्रमात जायचं? फहदचा सिद्धांत सरळ होता. ज्याने तुला पाण्यात असताना हात दिला, तो तुझा. त्याला सोडलंस की तू कुणाचाच नाहीस. हे तो फुटबॉलबद्दल बोलत होता. मी स्टिअरिंग घट्ट धरून ऐकत होतो.

कारण मला हात मिळाला होता. सौदीत येऊन दुसरंच वर्ष. एका वळणावर उलट्या बाजूने एक पिकअप आली आणि बसवर आदळली. पिकअपवाला जखमी. बस रिकामी होती, नशीब. पोलिसांनी मला ठाण्यावर नेलं. भाषा येत नव्हती. एका बाकावर बसवलं आणि मी समजलो की संपलं, आता ह्या देशात तुरुंग. तासाभरात माझा कफील आला. अबू नासर. साठीचा माणूस, आठ बसचा मालक. घरातल्या कपड्यांत, पायात स्लिपर, डोक्याला काही नाही. सौदी माणूस असा उघड्या डोक्याने सरकारी कचेरीत जात नाही. त्याने अधिकाऱ्याला सांगितलं, "हा माझ्या घरचा आहे," आणि जामीन म्हणून सही केली. नंतर चौकशीत माझी चूक नव्हती हे निघालं, ते वेगळं. पण ते माहीत नसताना तो आला होता. त्या संध्याकाळी त्याने मला घरी नेऊन भात आणि मटण वाढलं आणि जेवताना माझ्या हातातून शितं सांडतात हे न बघण्यासाठी दुसरीकडे तोंड करून बसला.

मी हे सुलभाला, बायकोला, इतक्या वेळा सांगितलंय की ती म्हणते, "कळलं हो. देव भेटला तुम्हाला. पण देव असला म्हणून रोज पूजा करायची का?"

त्या मोसमात जेद्दाहून इम्तियाझभायचा फोन आला. हा दापोलीकडचा, तिथल्या अल अझीझिया मोहल्ल्यात दुकान आहे त्याचं, इकडे आलो तेव्हा पहिली रात्र त्याच्याकडेच काढली होती. तिथल्या एका भारतीय शाळेला बसचा ड्रायव्हर हवा होता. उन्हाळ्यात दोन महिने सुट्टी, दर वर्षी. शिवाय एक खोली, बायको-मुलीला व्हिजिट व्हिसावर आणून ठेवता येईल अशी. अबू नासरकडे दोन वर्षांतून एकदा दीड महिना. मुलगी तेव्हा सहावीत होती. मी तिला तिच्या आयुष्यात किती दिवस प्रत्यक्ष बघितलं ह्याचा हिशेब मी मुद्दाम करत नाही.

"बघ दत्ता," इम्तियाझभाय म्हणाला. "आता पयल्यासारखं नाय ऱ्हायलं. करार संपला की ॲपवर नामंजूर कर, हिकडची शाळा तुझं नाव घेईल. कफीलची परवानगी लागत नाय. एक बटण हाय. डरतोस कशाला?"

हेच तर. आधी सगळं कफीलच्या हातात होतं. पासपोर्ट, इकामा, सुट्टी. तेव्हा अडकलेला माणूस स्वतःला सांगू शकतो, काय करणार, दार बाहेरून बंद आहे. आता दाराला कडीच नाही. नुसतं लोटायचं. आणि मी आतल्या आत बसून दाराकडे बघतोय. ज्याने माझ्यासाठी डोक्याला काही न बांधता धाव घेतली, त्याला फोनवरच्या एका बटणाने नामंजूर म्हणायचं? त्याच्या फोनवर काय दिसेल? दत्ताराम, नामंजूर. एवढंच? मला झोप लागेना. भूक लागेना. ढोल मात्र जोरात वाजत होता. पोरं म्हणायची, दत्ता यंदा पेटलाय.

आणि मग तो गुरुवार. आमचा सामना कॉम्प्युटरशी, माजिदच्या नव्या कॉलेजशी. जो जिंकेल तो अंतिम फेरीत. अख्खं विद्यापीठ आलेलं. समोरचा स्टँड निळा, आमचा लाल. थंडी अशी की ढोलाचं कातडं चढलेलं, बोट लावलं तरी वाजत होतं. माजिद माझ्या शेजारी बसलेला, लाल पट्टा घालून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

आता माझी चूक सांगतो. आमच्या शिमग्यात दोन गावच्या पालख्या सीमेवर भेटतात. दोन्हीकडचे ढोल समोरासमोर. चुरस असते, भांडणंही होतात. पण समोरची पालखी हद्दीत आली की आपण आधी तिच्यासाठी वाजवायचं. सलामी द्यायची. मग काय ती चुरस. हे कुणी शिकवलेलं नाही, ते हातातच आहे. तर बोगद्यातून आधी निळी टीम बाहेर आली. अकरा पोरं ओळीने धावत. फहदने आमच्या पोरांना शिट्ट्या मारायचा इशारा केला. आणि माझ्या हातांनी सलामी वाजवली. मोठी, पूर्ण, गावात वाजवतो तशी. सगळी संपेपर्यंत मला थांबायचं सुचलंच नाही.

आमचा स्टँड सुन्न. समोरचा निळा स्टँडही सुन्न. मग तिकडून टाळ्या यायला लागल्या.

"दत्ता!" फहद किंचाळला. "अरे वेड्या, ती त्यांची टीम आहे!"

"हो," मी म्हटलं.

"मग?"

"आमच्याकडे आधी समोरच्यांसाठी वाजवतात."

"तुमच्याकडे मग सामने कसे होतात?"

"होतात. डोकी फुटतात. पण नंतर."

फहदने डोक्याला हात लावला. पण मागची पोरं हसायला लागली आणि माजिद तर इतका हसला की चष्मा खाली पडला. निळ्यांच्या गोलकीपरने आमच्याकडे बघून हात उंच केला. मला फार लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं.

आम्ही हरलो. दोन-एक. शेवटचा गोल अगदी शेवटच्या मिनिटांत. निळ्यांचा तो गोल फार सुंदर होता, दूरवरून, वळून आलेला. सगळे डोकं धरून बसले आणि मी माजिदकडे पाहिलं. त्याचे हात मांड्यांखालीच होते. इतके दाबलेले की मनगटं पांढरी पडली होती.

परतीची बस म्हणजे प्रेतयात्राच. फेरी नाही, गाणं नाही. बिया तेवढ्या फुटत होत्या. वसतिगृहापाशी सगळे उतरले, माजिद मागे राहिला. तो नेहमी सीटखालच्या साली गोळा करायला मदत करायचा. मी विचारलं, "हात वर जाणार होता का?"

त्याने खरं सांगितलं. "तो गोलकीपर माझ्या वर्गात शेजारी बसतो. मी नवीन आलो तर कुणी बोलत नव्हतं. त्याने मला त्याच्या वह्या दिल्या. आणि ह्या लोकांनी मला पहिल्यांदा नापास झाल्यावर खांद्यावर घेऊन नाचवलं होतं, म्हणे, नापासांचा राजा. दोन्हीकडचे उपकार आहेत माझ्यावर. मला कुठेच मोकळेपणाने ओरडता येत नाही."

"मग येतोस कशाला?"

"घरी बसलो तर दोघांनाही सोडल्यासारखं होईल."

मी झाडू मारत राहिलो. दांडा तोडलेला, म्हणून वाकून मारावा लागत होता.

त्याच आठवड्यात ॲपची मुदत संपत होती. मी अबू नासरकडे गेलो नाही, त्याला काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. बस विद्यापीठाबाहेर उभी करून, सीटवर बसून, मंजूर दाबलं. मग इम्तियाझभायला कळवलं. तो "बरं" एवढंच म्हणाला. सुलभाला फोन केला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मनूचा फ्रॉक उसवलाय, तो शिवत बसलेय. नंतर बोलू." मला माहीत होतं की मनूने फ्रॉक घालणं केव्हाच सोडलं होतं.

दोन वर्षं गेली. फहद पास होऊन जिझानला रिफायनरीत लागला. माजिद शेवटच्या वर्षाला आहे, निळा पट्टाही घालतो आता, लालही, दोन्ही एकदम. कुणी काही म्हणत नाही. ढोल मी अजून वाजवतो, पण नवी पोरं मोबाइलवर गाणी लावतात, त्यावर ठेका धरायचा. चालतं.

मनू आठवीत आहे. पुढच्या वर्षी नववी. हे मी लिहितोय आणि माझं पेन थांबतं. आठवीपर्यंत मी तिच्या पुढे होतो, काहीही विचारलं तर फोनवर थाप मारून उत्तर देता यायचं. नववीपासून ती एकटी. परवा सुलभा म्हणाली की गणितात कमी पडलेत. किती, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी बाप असून त्या गणितात काही करू शकणार नाही हे मला ठाऊक आहे. पण पेपर वाईट गेल्यावर ती घरी येते तेव्हा ओटीवर कुणीतरी नुसतं बसलेलं असावं. माझे वडील बसलेले असते, तर मी तिसऱ्या वर्षी तरीत पाय ठेवला असता की नाही, कुणास ठाऊक.

आणि आठ दिवसांपूर्वी इम्तियाझभायचा परत फोन. "जागा परत खाली झाली रे. ह्या टायमाला तरी येतंस का नाय? का परत मांजरागत दारात बसतंस?"

म्हणून यंदा मी ठरवलं, बटणाआधी तोंडाने सांगायचं. बुधवारी दुपारी अबू नासरच्या घरी गेलो. तो आता फार थकलाय. बैठकीत गादीवर पाय पसरून बसला होता, गुडघ्यांवर शाल. मला बघून स्वतः कॉफीची सुरई ओढली. घरात मुलगे असतात, नोकर असतो, पण मला तो स्वतः ओततो. लहानसा बिनकानाचा पेला, तळाशी दोन घोट. इथला रिवाज असा की पेला नुसता पुढे केलात तर ओतणारा परत भरतो. पुरे असेल तर पेला बोटांत धरून थोडा हलवायचा, मग तो थांबतो. तोंडाने नको म्हणायचं नसतं.

तीन पेले झाले तरी मला सुरुवात करता येईना. बसच्या टायरबद्दल बोललो. थंडीबद्दल बोललो.

"करार पाठवलाय," तोच म्हणाला. "बघितलास?"

"बघितला."

"तू अजून काही केलं नाहीस. मुलगा म्हणत होता."

मी पेला परत पुढे केला.

"माझा मोठा मुलगा रोज भांडतो," अबू नासर म्हणाला. "म्हणतो, बाबा, बस विकून टाका. बाकीचे ड्रायव्हर सगळे गेले, नवे आले, तेही जातील. दोन वर्षांपूर्वी गिऱ्हाईकही आलं होतं. मी म्हटलं, विकल्या असत्या रे. पण मग दत्ता कुठे जाईल? त्याने दुसरं काही शोधलं नाही. तो मला सोडून जात नाही, मी त्याला कसा सोडू?"

मला आधी राग आला. कुणावर, ते कळेना. दोन वर्षं. माझी दोन आणि त्याची दोन. मग डोळे भरून आले. मग, खरं सांगतो, भूक लागली, कितीतरी दिवसांनी अशी कडकडून. मी म्हटलं, "बाबा, मी तर तुमच्यासाठी थांबलो होतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला समजायला वेळ लागला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता, आवाज न करता, म्हातारे हसतात तसा, आणि शालीच्या टोकाने डोळे पुसत होता.

"कुठे बोलावलंय तुला?"

"जेद्दा. शाळेची बस. दर वर्षी दोन महिने घरी जाता येईल. मुलगी नववीत जाणार."

"आणि हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

मी पेल्याच्या तळाकडे बघितलं.  उपकाराचं ओझं म्हणतात, पण ते ओझं नसतं, ओझं खाली ठेवता येतं. ते एका घरासारखं असतं. त्यात ऊब असते, जेवण असतं, आणि आपण बाहेर पडलो तर घर कोसळेल असं आपल्याला वाटत राहतं. घर तिकडे आपल्यासाठी उभं राहून दमलेलं असतं, हे आतून दिसत नाही.

त्याने काही परवानगी दिली नाही. आता ती त्याच्याकडे नाहीच द्यायला. जा असंही म्हणाला नाही, राहा असंही नाही. त्याने सुरई उचलली आणि माझ्या पेल्यावर तिरकी धरली. सुरईच्या तोंडाशी एक थेंब जमलेला.

मी पेला हलवला.